काझी सरांची चिठ्ठी

काझी सर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते हात धुवायला. अमरावतीच्या आमच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये खालच्या मजल्यावर नळ फक्त माझ्या गाळ्यात होता. मी झेरॉक्स आणि टायपिंग करायची, आणि शेजारचा गाळा त्यांनी नुकताच कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी घेतला होता. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. मी नळ दाखवला. त्यांनी खिशातून स्वतःची साबणदाणी काढली, तीनदा हात धुतले आणि मग ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "ताई, पाल होती. वाळलेली. प्रोसेसरच्या पंख्यात बसून राह्यली होती." मी तेव्हा डबा खात होते. डबा मिटला, तो त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत या माणसानं माझं जेवण किती वेळा घालवलं ते विचारू नका.

अकोल्याच्या एका तांत्रिक शाळेत ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेत शिक्षकच पानाच्या पिचकाऱ्या मारतात म्हणून भांडण करून नोकरी सोडली, असं ते स्वतः सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्यांच्याकडे पाहून पटायचं. त्यांना सगळ्याची घाण वाटायची. दुसऱ्याच्या कपातला चहा घ्यायचे नाहीत. लग्नात जेवायचे नाहीत. एकदा माझा कीबोर्ड उचलून त्यांनी टेबलावर उलटा आपटला. त्यातून शेव, पोह्याचे कण आणि एक मेलेला मुंगळा पडला. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. "तुमी या बोटानं टाइप करता अन् त्याच बोटानं खाता," असं म्हणून ते निघून गेले. मला इतका राग आला की आठ दिवस मी त्यांना नळाला हात लावू दिला नाही. ते रोज रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवाल्याच्या ड्रमवर जाऊन हात धुवायचे, आणि तो ड्रम किती घाण आहे ते येता-जाता मला ऐकवायचे. शेवटी मीच हरले.

असा माणूस नेमका गेमवाल्या कॉम्प्युटरच्या धंद्यात का पडला? कारण साध्या कॉम्प्युटरवाल्याला काहीच वाढवायचं नसतं. त्याचं बिल निघालं, पत्र छापलं की झालं. गेम खेळणाऱ्याला मात्र दर वर्षी नवा, जोरकस प्रोसेसर लागतो. स्वतः सर कधी गेम खेळले नाहीत. गेमला ते "धिंगाणा" म्हणायचे. पण जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसवायचा, त्याला पुरेल एवढी वीज द्यायची, त्याचं डोकं थंड ठेवायचं, हे काम त्यांना मनापासून आवडायचं. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

तेही कॅबिनेट साफ झाल्यानंतर. आमच्या वऱ्हाडातलं कॅबिनेट उघडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. कापसाच्या जिनिंगच्या आसपासच्या घरात रुई उडून पंख्यात शिरते आणि तिची गादी होते. तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, असतं, झुरळांची अंडी असतात, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा भुगा असतो. सर नाकाला रुमाल बांधून जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि चिमट्यानं एकेक वस्तू काढून त्यावर ओळीनं मांडायचे. मालकाला समोर उभं करायचे. आणि सगळं झालं की त्या वर्तमानपत्राची पुडी बांधून मालकाच्या हातात द्यायचे. "हे तुमच्या घरचं हाय. घेऊन जा." अर्धी गिऱ्हाइकं त्या पुडीमुळे पुन्हा फिरकली नाहीत. पण उरलेली अर्धी जन्माची बांधली गेली.

ती बांधली गेली ती चिठ्ठीमुळे. प्रोसेसर बदलायचा असेल तर सर आधी एक आखीव कागद घ्यायचे. बोर्ड कोणता, त्याची कितवी आवृत्ती, आतला मूळ प्रोग्राम किती जुना, रॅम कोणती, वीज देणारा डबा किती वॅटचा. एवढं लिहून झालं की खाली एक शब्द. 'चालेल' किंवा 'चालणार नाही'. त्याखाली सही. 'चालेल' लिहायच्या आधी ते भर दुपारी, पंखा बंद करून, सगळ्यात जड गेम तीन तास चालू ठेवायचे आणि मशीनजवळ हात धरून बसायचे. मगच ती चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटायची. जुना कॉम्प्युटर विकताना लोक विचारायला लागले होते, "काझी सरची चिठ्ठी हाय का आत?"

फोनवर सांगितलेल्या माहितीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अचलपूरच्या एका कापडवाल्यानं फोन करून बोर्डचं नाव सांगितलं आणि नवा प्रोसेसर पाठवून द्या म्हणाला. सरांनी एसटी पकडली, अचलपूरला गेले, कॅबिनेट उघडलं, बोर्डवर बारीक अक्षरात छापलेला नंबर भिंगातून वाचला आणि हात हलवत परत आले. तो कापडवाला दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात हजर.

"सर, नाव तं तेच हाय न बोर्डचं! माह्या दोस्ताच्या बोर्डवर हाच प्रोसेसर चालून राहिला!"

"नाव तेच हाय. तुमचा बोर्ड जुना हाय, त्याचा नवा. तुमच्या बोर्डले एवढी वीज झेपत नाई."

"पण बसते का नाई सॉकेटात?"

"बसते."

"मंग?"

"बसाले काय, माह्या सासऱ्याचा जोडा बी माह्या पायात बसते. तो घालून परतवाड्यापर्यंत चालत जाऊन दाखवू का?"

कापडवाला गेला. महिन्याभरानं नवा बोर्ड घेऊन आला. येताना सरांसाठी शर्टाचं कापड आणलं होतं, ते मात्र सरांनी आधी स्वतः धुतलं आणि मगच शिंप्याकडे दिलं.

पण सरांना सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो चांदूर बाजारच्या एका तलाठ्यानं. पन्नाशीचा माणूस, मोटारशर्यतीच्या गेमचं त्याला वेड. त्यानं प्रोसेसर स्वतःच आणून स्वतःच बसवला. चार दिवस चालला आणि मग मशीन दर दहा मिनिटांनी बंद पडू लागलं. प्रोसेसर आणि वरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावावी लागते, म्हणजे उष्णता वर ओढली जाते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. सरांनी ठोकळा काढला. खाली पांढरा पापुद्रा. नखानं खरवडला, वास घेतला, आणि तसेच थिजले.

"हे काय लावलं?"

"पेस्ट."

"कोणती पेस्ट?"

तलाठ्यानं खिशात हात घातला आणि खर्ऱ्याबरोबरची चुन्याची नळी काढून टेबलावर ठेवली. "पांढरीच लागते म्हने न सर. हे बी पांढरंच हाय. दुकान बंद होतं, मंग म्हनलं चालवून घेऊ."

 सर बाहेर जाऊन वैशाखाच्या उन्हात पंधरा मिनिटं उभे राहिले. मग माझ्या नळावर आले आणि हात धुता धुता म्हणाले, "ताई, ज्या नळीचा चुना तोंडात घालते, त्याच नळीचा हा माणूस प्रोसेसरले लावते. अन् वरून म्हनते, चालवून घेऊ." मी हसले. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण ते दिवस गमतीचे नव्हते. कापसाच्या पट्ट्यात त्या वर्षांत काय चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे टायपिंगला येणारं निम्मं काम मदतीच्या अर्जांचं होतं. लोक तोंडानं जे सांगायचे ते मी साहेबांना वाचता येईल अशा भाषेत बसवून द्यायची. दिल्ली-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन यायचे आणि माझ्याकडून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या याद्यांच्या झेरॉक्स काढून न्यायचे. त्यातला एक जण एकदा म्हणाला, जरा जास्त रडकं घर सुचवा.  आणि याच काळात आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, गेम झोन निघाला.

काढला बंटीभाऊनं. कॉम्प्लेक्सच्या मालकाचा हा पुतण्या. गळ्यात जाड साखळी, बोलणं मधासारखं, आणि दर वाक्याला "आपलंच समजा". वीस कॉम्प्युटर मांडले, रंगीत दिवे लावले. चार-चार कोअरचे प्रोसेसर आहेत असा बाहेर मोठा फलक. गावातल्या दुसऱ्या एका गेमच्या दुकानात थोड्या दिवसांपूर्वी धूर झाला होता, त्यामुळे आईबाप पोरांना पाठवायला कचरत होते. म्हणून बंटीभाऊला दारावर लावायला काझी सरांचा दाखला हवा होता.

सर वर गेले. मीही मागून गेले, नुसती बघायला. त्यांनी पहिलं मशीन उघडलं. प्रोसेसर चार कोअरचा होता, पण कुठून तरी काढलेला, जुना. बोर्ड स्वस्तातला, एवढा भार न झेपणारा. सॉकेट जुळत होतं, मशीन सुरू होत होतं, पडद्यावर गाड्या पळत होत्या. मग सरांनी वीज देणारा डबा बाहेर काढून तळहातावर तोलला. चांगला डबा जड असतो, हे ते पोरांनाही शिकवायचे. हा जड होता. तरी त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी चार स्क्रू काढले. आत दोन बारकी कॉइल, नखाएवढे कपॅसिटर, आणि कोपऱ्यात डिंकानं चिकटवलेला सिमेंटचा गोळा. वजन वाढवायला.

"सिमेंट," सर म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला. "लोकांच्या पोरायच्या मांडीजवळ हे ठेवता?"

"अरे सर, सुरू तं होऊन राहिलं न," बंटीभाऊ म्हणाला. "वरून दिसून राहिलं का काई?"

सरांनी पहिल्या चिठ्ठीवर 'चालणार नाही' लिहिलं आणि खाली निघून आले.

संध्याकाळी बंटीभाऊ आमच्याकडे आला. तोंड भरून हसत. म्हणाला, दोन्ही गाळ्यांचे करार या महिन्यात संपतात, काकांना दुसरे भाडेकरू मिळत आहेत, पण आपलंच आहे, तुम्ही काळजी करू नका. असं म्हणून माझ्या टेबलावरची बडीशेप खाल्ली आणि गेला. त्या बोटांची मला किळस आली. पण खरी भीती वाटली ती गाळ्याची. नवरा घरी बसून होता, दोन मुली शाळेत, आणि अमरावतीत झेरॉक्सचं दुकान नव्यानं मांडणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मी सरांकडे गेले. मी त्यांना काय काय सांगितलं ते आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते. म्हटलं, सर, एक सही. त्याचे डबे आपण नंतर एकेक करून बदलायला लावू. म्हटलं, मी रोज अर्जांत थोडं इकडचं तिकडे टाइप करते, माझं काही झडलं नाही. म्हटलं, तुम्ही एकटे नाही आहात, माझाही गाळा आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट होतं आणि तेच लागू पडलं. दाखला मीच टाइप केला. 'येथील सर्व संगणक तपासले असून ते सुरक्षित व सुसंगत आहेत.' सरांनी एकदा वाचला आणि सही केली. मग म्हणाले, "चहा सांगा, ताई." चहा आला तेव्हा माझ्याच कपातून प्यायले. मला सुटल्यासारखं वाटलं. मी दाखला लॅमिनेट करून वर पाठवला.

मे महिन्यात ऊन पेटलं. वऱ्हाडात माणूस उन्हाळ्यात जे स्वतःसाठी करतो तेच बंटीभाऊनं मशीनसाठी केलं. मशीनं तापून बंद पडत होती, तर कॅबिनेटची झाकणं काढून टाकली आणि समोर दोन मोठे वाळ्याचे कूलर लावले. ओली हवा दिवसभर उघड्या बोर्डांवर आणि त्या सिमेंटच्या डब्यांवर. सरांना हे कळलं तेव्हा ते धावत वर गेले. बंटीभाऊ म्हणाला, "सर, थंड होऊन राहिले न मस्त." सरांनी दोन्ही कूलर बंद केले. ते खाली उतरताच पुन्हा सुरू झाले. हे तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी दुपारी एक डबा फुटला. वर मनोहर नावाचा माणूस गल्ल्यावर बसायचा. तो कामाला होता ती जिनिंग बंद पडली होती आणि मोठ्या मिनतवारीनं ही नोकरी मिळाली होती. एका मशीनमधून धूर आला, खेळणारी पोरं पळाली, आणि मनोहर वाकून पिन काढायला गेला. फुटलेल्या डब्याचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. मी आवाज ऐकला. जिन्यावरून त्याला उतरवत आणलं तेव्हा तो तळहातानं डोळा झाकून एवढंच म्हणत होता, "पोट्टे बाहेर हायेत न सगळे?"

पोलीस आले. बंटीभाऊनं दारावरचा दाखला काढून त्यांच्या हातात दिला. "आमाले काय समजते साहेब? सरनं पास केलं." माझ्याच लॅमिनेशनचा चकाकता कागद. बंटीभाऊ हसत नव्हता, पण घाबरलेलाही नव्हता. थुंकावं असं वाटलं त्याच्या तोंडावर. मी थुंकले नाही. साहेबांनी सरांना विचारलं, सही तुमची? सर म्हणाले, "माही." टाइप कुणी केलं, आग्रह कुणी केला, यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते. मीही सांगितलं नाही.

मनोहरचा डोळा गेला. सर रोज दवाखान्यात जायचे. ज्यांना लग्नाच्या पंगतीत बसवत नव्हतं ते त्या वॉर्डात त्याच्या पट्ट्या बदलताना बसून राहायचे, असं मनोहरच्या बायकोनं मला सांगितलं. प्रकरण पुढे कसंतरी मिटवलं गेलं. कुणी मिटवलं ते उघड आहे. सरांनी त्याच महिन्यात गाळा रिकामा केला आणि अकोल्याला भावाकडे गेले. माझा करार मात्र वाढवून मिळाला.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. दोनेक वर्षांनी. मी बहिणीकडे अकोल्याला गेले होते, परतीची गाडी धरायला स्टँडवर आले, तर बाकावर काझी सर. शर्ट पांढराच, पण चुरगळलेला, आणि पायाशी औषधांची पिशवी. मनोहरला दर महिन्याला डोळ्याचे थेंब लागतात, ते इथे मिळतात, नेऊन देतो, म्हणाले. आता काय करता, मी विचारलं. "भावाच्या दुकानात वह्या विकतो. वहीत काई जुळवा लागत नाई."

मी इतके दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. सर, मी तुम्हाला भरीस घातलं. तुम्ही माझ्या गाळ्यासाठी सही केलीत. पोलिसांसमोर मी तोंड उघडायला हवं होतं. बोलताना मला रडू आलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

सरांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ताई, तुमाले वाटते तुमी सांगतलं म्हनून म्या सही केली. तसं नाई. तुमी नसत्या आल्या तरी बी केली असती, का नसती, अल्ला जाने. पन एक गोष्ट म्या कोनालेच सांगतली नाई. घरी बी नाई."

अमरावतीची गाडी फलाटाला लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकायला धावले. सर उठले नाहीत.

"मले सगळ्याची घाण वाटते. लहानपनापासून. मले वाटे, हा माहा गुन हाय. जे खराब हाय ते मले आधी समजते. अन् त्या दिवशी त्या कागदावर सही करताना मले घाण वाटलीच नाई. हलकं वाटलं. बरं वाटलं, ताई."

मग ते उठले, गर्दीत शिरले आणि गाडीत चढले. मलाही त्याच गाडीनं जायचं होतं. मी गेले नाही, पुढच्या गाडीची वाट पाहत त्या बाकावर बसून राहिले. सही झाली त्या दिवशी मलाही बरं वाटलं होतं.